पांढरी बाजू वर

विशाखा कमरेला नवऱ्याचा जुना मफलर आवळून बांधत होती, तेव्हा तिचे सासरे खिडकीशी चहाचा कप धरून उभे होते आणि मुद्दाम बाहेर बघत होते. सून कामाला निघाली की तिच्याकडे बघायचंच नाही, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. बाहेर नुसतं सपाट रान. ना डोंगर, ना टेकाड. त्या रानात लांबच लांब मातीचे वरंबे आणि प्रत्येक वरंब्यावर काळं प्लास्टिक अंथरलेलं. एप्रिल लागला होता तरी बांधावरच्या गवतावर दहिवर गोठलं होतं.

“अण्णा, पोहे झाकून ठेवलेत. चैत्रालीची ऑनलाइन शाळा सुरू होईल थोड्या वेळानं, तिला लॅपटॉप लावून द्याल?”

“देतो,” अण्णा खिडकीला म्हणाले.

विशाखानं रबरी बूट चढवले आणि दार ओढून घेतलं.

अण्णा म्हणजे शशिकांत, साताऱ्याकडचे आल्याचे बागायतदार. बायको गेल्यावर घर खायला उठायला लागलं म्हणून मुलानं, जयेशनं, त्यांना फेब्रुवारीत नेदरलँड्सला आणलं. थोडे दिवस राहून परत जायचं होतं. मार्चमध्ये साथ पसरली, विमानं बंद झाली आणि पाहुणा मुक्कामाला पडला. जयेश टिलबर्गच्या एका गोदाम कंपनीत मालट्रकांचं नियोजन बघायचा. सगळं जग घरात बसून वस्तू मागवायला लागल्यापासून त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. माडीवरच्या खोलीत हेडफोन लावून बसला की तो जेवायलाच खाली उतरायचा. घर भाड्याचं, टिलबर्गबाहेरच्या एका खेड्यात. घरमालक तोन नावाचा शेतकरी, आणि खिडकीतून दिसणारं रानही त्याचंच.

तोनच्या रानात अस्परागस होतं. जमिनीच्या पोटात वाढणारे, बोटाएवढे जाड, पांढरेशुभ्र कोंब. ते काढायला दरसाल पूर्वेकडच्या देशांतून माणसं यायची. यंदा रोगाच्या धास्तीनं माणसं आलीच नाहीत, आणि कोंब काही कुणासाठी थांबणारे नव्हते. तोननं गावातल्या घराघराची बेल वाजवली, लांब उभा राहून टोपी हातात घेऊन विचारलं. विशाखा ज्या पाळणाघरात काम करायची ते बंद पडलं होतं. ती म्हणाली, येते.

हेच अण्णांना लागलं होतं. त्यांच्या घरच्या बायका रानात गेल्या नव्हत्या असं नाही. जन्मभर गेल्या, पण आपल्याच रानात. दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला घरातली बाई कधी वाकली नव्हती.

“अण्णा, इथं तसं काही नसतं,” जयेशनं एकदा समजावून बघितलं.

“हितं नसंल. पर मी कुठं हितला हाय?” अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

गावाकडून थोरल्या भावाचा, मनोहरदादांचा, रोज व्हिडिओ कॉल यायचा. आल्याची लावण तोंडावर आली होती, बेणं निवडायचं होतं, आणि अण्णांचं रान यंदा दादाच बघत होते. बोलणं संपता संपता दादा विचारायचे, “सूनबाई दिसंना कुठं?”

“कॉम्प्युटरवर बसलीया. हापिसाचं काम,” अण्णा म्हणायचे. खोटं बोलताना त्यांचा हात आपोआप मिशीकडे जायचा.

अण्णांना आणखी एक खोड होती. कुणाचंही लेकरू समोर आलं की पहिला प्रश्न, किती मार्क पडले? वरातीत विचारायचे, बाराव्याला विचारायचे. विशाखाला बघायला गेले तेव्हा पोह्याची बशी हातात असतानाच त्यांनी तोच प्रश्न टाकला होता. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. “एम-टू राहिलाय,” ती मान खाली घालून म्हणाली होती. एम-टू म्हणजे गणिताचा दुसरा पेपर. तो राहिला तो राहिलाच. लग्न, व्हिसा, परका देश, चैत्राली, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी तो पेपर.

गेल्या वर्षी तिनं इथल्या एका कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं. जुनी कागदपत्रं त्यांना पुरेशी वाटली नाहीत, म्हणून प्रवेश अटीवर दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गणित सुटलं पाहिजे, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही, नाहीतर पुढचं दार बंद. जानेवारीत ती एकदा बसली आणि नापास झाली. आता एकच खेप उरली होती. सकाळी तोनचं रान आणि दुपारी गणित, असा तिचा दिवस सुरू झाला.

रानातलं काम बघायला सोपं आणि करायला जीवघेणं. वरंब्यावरचं प्लास्टिक उचलून बाजूला करायचं. इथले लोक त्याला फोली म्हणतात. मग ओल्या वाळूवर कुठे केसाएवढी भेग पडलीय का ते शोधायचं. भेग दिसली की दोन बोटांनी वाळू उकरून कोंबाचं डोकं मोकळं करायचं, लांब दांड्याची पटाशी त्याच्या कडेनं खोल घालायची आणि आत न दिसणाऱ्या बुडावर अंदाजानं दाबायची. बारीकसा आवाज येतो आणि कोंब हातात येतो. मग खड्डा बुजवून थापीनं वरंबा पुन्हा गुळगुळीत करायचा, कारण तो गुळगुळीत नसेल तर उद्याची भेग दिसत नाही. आणि हे सगळं कमरेत वाकून, एका पायावर भार टाकत, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पहिल्या आठवड्यात विशाखाचे निम्मे कोंब मोडले. तोन मागून यायचा, मोडके तुकडे उचलून वेगळ्या बादलीत टाकायचा आणि पुढे जायचा. शेजारच्या रांगेत गावातली केस कापणारी बाई होती, दुकान बंद म्हणून आलेली. ती गुणगुणत अर्धा वरंबा पुढे निघून जायची. विशाखाच्या नखांत वाळू गेली ती निघेना. दुपारी घरी आली की ती आधी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची, आणि मग दोन्ही हात टेकून उठायची.

उठली की टेबलाशी. पुस्तक उघडून ती डुलत डुलत पुटपुटायला लागायची, “डेरिव्हेटिव्ह ऑफ साइन एक्स इज कॉस एक्स, डेरिव्हेटिव्ह ऑफ कॉस एक्स इज मायनस साइन एक्स…” गावाकडे ती अशीच शिकली होती. येणारे प्रश्न ठरलेले, पायऱ्या ठरलेल्या, गाईडातलं घडाघडा म्हणून दाखवलं की झालं. दिवेलागणीला अण्णा पलीकडे मांडी घालून त्यांचं लहानपणापासूनचं संस्कृत स्तोत्र म्हणायला बसायचे, तेही डुलत डुलत.

“आई, यू अँड आजोबा आर सिंगिंग द सेम साँग,” एकदा चैत्राली म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये यायचं. दोघंही हसले. पण पोरगी बोलली ते खरं होतं.

एप्रिलच्या मध्याला गणिताच्या बाईंनी विशाखाला व्हिडिओवर बोलावलं. मराइके त्यांचं नाव. आखूड पांढरे केस, मागे पुस्तकांवर झोपलेलं मांजर. अण्णा ओट्याशी लसूण सोलत होते.

“यंदा लेखी पेपर नाही,” बाई म्हणाल्या. “घरी बसून कोण काय बघून लिहितंय ते मला कळणार नाही. म्हणून तोंडी घेणार आहे. मी विचारेन, तू मला समजावून सांगायचंस. आज नुसती ओळख म्हणून सांग, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय?”

विशाखाचा चेहरा उजळला. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. एका दमात तिनं सगळी व्याख्या म्हटली, कुठेही न अडखळता.

बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “हे पुस्तकात आहे, विशाखा. मी वाचलंय ते. हे म्हणताना तुला काय दिसतं?”

विशाखानं डोळ्यांसमोर काही येतंय का बघितलं. तिला काहीच दिसत नव्हतं. मग तिनं तीच व्याख्या पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं.

बाई रागावल्या नाहीत. जूनमध्ये भेटू, असंच मऊपणानं म्हणाल्या. विशाखाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अण्णांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पाठ म्हणणाऱ्याचा सूर कळत होता, आणि अर्थ विचारल्यावर तो सूर कसा लुळा पडतो तेही. एका श्रावणात गुरुजींनी त्यांना त्यांच्या स्तोत्राचा अर्थ विचारला होता, तेव्हा त्यांनीही तेच स्तोत्र पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं होतं.

“आगं, पाठ तर हुतं की समदं,” ते म्हणाले.

“तेच तर, अण्णा,” विशाखा म्हणाली. “पाठच आहे.” आणि न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

अण्णांच्या मनात आलं. रान, घर, पुस्तक, तिन्हीकडे ती झिजतेय आणि आपण लसूण सोलतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं तसे ते टोपी घालून रानात उतरले. सुनेच्या रांगा कुठल्या ते त्यांनी खिडकीतून रोज बघितलं होतं. बघायचं नाही असं ठरवलेलं असलं तरी. त्यांनी एका जागी फोली उचलून आत हात घातला. माती तव्यासारखी गरम. वाळूतून दोन कोंब डोकं काढत होते.

कोंब फुटला की त्याला ऊनवारा लागू द्यायचा, ही त्यांची जन्माची रीत. ह्या लोकांनी माणसं नाहीत म्हणून झाकून टाकलेलं दिसतंय, बिचारे गुदमरतील, असा विचार करून त्यांनी दोन अख्ख्या वरंब्यांवरचं प्लास्टिक गुंडाळून नीट बांधाला लावून ठेवलं. प्लास्टिकची आतली बाजू पांढरी आहे हे त्यांना तेव्हाच दिसलं. कंबर दुखली, पण कित्येक दिवसांनी हात मातीत गेले होते. घरी येऊन ते तृप्तपणे जेवले.

सकाळी विशाखा रांगेशी पोचली आणि जागीच थांबली. दोन वरंब्यांवर सगळीकडे कोंबांनी डोकी वर काढली होती, आणि प्रत्येक डोकं जांभळं पडलं होतं.

तोन आला. त्याची मान लालबुंद झाली. “हे कुणी केलं?” त्यानं डचमध्ये विचारलं.

विशाखा तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा लगबगीनं बांधावरून आले. त्यांना शब्द कळला नव्हता, प्रश्न कळला होता. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “म्या.”

तोननं त्यांच्याकडे बघितलं, विशाखाकडे बघितलं. मग तो हळूहळू बोलला आणि विशाखानं मराठीत सांगितलं. “उजेड लागला की कोंब जांभळा होतो, अण्णा. मग तो पांढऱ्यात विकता येत नाही. म्हणून अंधारात वाढवतात.”

तोन ओरडला नाही. जांभळे कोंब त्यानं स्वतः काढले, बादली भरली आणि यांच्या दाराशी आणून ठेवली. घरी खा, म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. विशाखानं त्या कोंबांची शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. अण्णांनी दोनदा मागून घेतली आणि खाली मान घालून आपली चूक आपणच संपवली.

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी बांधावर येऊन बसायला लागले. कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आणि आता ते सुनेकडेच बघायचे.

एप्रिल संपता संपता ऊन एकाएकी तापलं. विशाखानं सकाळी कोंब काढले की दुपारी नवे दिसायला लागले. माणसं पुरेनात, विशाखाही काही दुपारी रानातच थांबायला लागली. मग एका दुपारी तोन आणि त्याचा ट्रॅक्टर रांगेरांगेनं फिरले आणि सगळी फोली उलटी केली. काळं रान बघता बघता पांढरं झालं.

“आता का उलटवतोय ह्यो?” अण्णांनी विचारलं.

“काळी बाजू वर असली की माती तापते, कोंब भराभर वर येतात. पांढरी वर केली की ऊन परत फिरतं, माती जरा थंड राहते.”

“मग थांबत्यात का कोंब?”

“थांबत नाहीत हो. वाढतातच. फक्त वाढायचा वेग—”

विशाखा बोलायची थांबली. हातातली थापी तशीच राहिली. अण्णांना वाटलं हिला चक्कर आली.

“काय झालं गं?”

“अण्णा, बातम्यांतला तो आकडा,” ती म्हणाली. “तुम्ही काल चिडला होता ना?”

चिडले होतेच. रोज दुपारी टीव्हीवर देशात एकूण किती माणसं गेली तो आकडा यायचा, रोज कालच्यापेक्षा मोठा असायचा, आणि तरी बातम्यांतली बाई म्हणायची की परिस्थिती सुधारतेय. आकडा वाढतोय आन् बरं चाललंय म्हणत्यात, लबाड लेकाचे, असं अण्णा म्हणाले होते.

विशाखा वरंब्याशी गुडघे टेकून बसली आणि पटाशीच्या टोकानं वाळूत एक रेघ ओढायला लागली. रेघ आधी उभी चढली, मग कललेली, मग आणखी निवांत.

“हा एकूण आकडा. हा कधीच खाली येणार नाही, गेलेलं माणूस परत येत नाही. पण रेघेचा चढ बघा. इथं चढ छातीवर येतोय. इथं जरा सुटला. इथं आणखी सुटला. वाढतंय, पण वाढायचा वेग कमी होतोय.” तिनं पटाशी रेघेवर टेकवली. “हा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह. आणि चढ कसा बदलतोय ते दुसरं डेरिव्हेटिव्ह. मी हे हजार वेळा लिहिलंय, अण्णा. हजार वेळा. आणि ते हे आहे.”

अण्णांनी वाळूतल्या रेघेवरून बोट फिरवलं, खालून वर, अगदी सावकाश. “घाटात यष्टी चढती तशी,” ते म्हणाले. “माथा जवळ आला की गाडी चढतच असती, पर अंगाला कळतं.”

“हो! अगदी तसंच.”

“म्हंजी आता हितं पांढरी बाजू वर हाय.”

“सगळ्या देशाचीच,” विशाखा म्हणाली. “दुकानं बंद, शाळा बंद, आपण घरात. त्यांनी फोली उलटी केलीय.”

समोर ते पांढरं रान क्षितिजापर्यंत गेलं होतं आणि त्याच्या पोटात कोंब हळूहळू, दिसणार नाहीत असे वर सरकत होते. विशाखाला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं ती ज्याला पुस्तकातलं समजून घाबरत आली, ते तिच्या गुडघ्याखाली चाललं होतं. ती शिकायच्या आधीपासून, ती जन्मायच्या आधीपासून. कोंबातही तेच होतं आणि साथीतही तेच. जगाला आतून कुणीतरी इतकं नेटकं शिवून ठेवलंय आणि आपण नुसते वरचे टाके मोजत बसलो, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून तिचं पुटपुटणं बंद झालं. ती पुस्तक उघडायची, एक ओळ वाचायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. जयेश एकदा जेवायला खाली आला आणि घाबरला. “अगं, अभ्यास सोडलास की काय?”

“आत्ता कुठं लागलीय ती अभ्यासाला,” अण्णा म्हणाले. “तू जेव.”

मे महिन्यात तोननं विशाखाला निवडणीच्या शेडमध्ये घेतलं. तिथं एका यंत्रावरून धुतलेले कोंब पुढे सरकायचे आणि जाडीप्रमाणे आपापल्या कप्प्यात पडायचे. एका टोकाला सर्वांत बारीक, दुसऱ्या टोकाला सर्वांत जाड. अण्णा लांब, दारात उभे राहायचे. दुपारी काम थांबलं की कप्प्यांकडे बघायचे. मधल्या कप्प्यांत रास, मग दोन्हीकडे उतरत उतरत टोकाच्या कप्प्यांत मूठमूठ.

“आजबी तसंच,” एकदा ते म्हणाले. “रोज तीच टेकडी. ह्यांना कुणी सांगितलंय का, की तुमच्यातल्या एवढ्यांनी जाड व्हायचं आन् एवढ्यांनी बारीक?”

“कुणीच नाही. याला नॉर्मल डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आमच्या स्टॅटिस्टिक्समध्ये आहे.”

“नाव र्‍हाऊ दे. मग उद्या समदेच जाड का येत न्हाईत?”

विशाखानं पुस्तकाकडे धाव घेतली नाही. ती कप्प्यांकडे बघत राहिली आणि जुळवत जुळवत बोलली. “एकेका कोंबावर किती गोष्टी चालतात बघा. ओल, ऊन, वाटेतला खडा, मुळाचं वय. काही त्याला जाड करायला बघतात, काही बारीक. बहुतेकांच्या वाट्याला थोडं हे, थोडं ते. म्हणून ते मध्ये पडतात. सगळ्याच गोष्टी एका बाजूनं याव्यात, असं नशीब एखाद्याचंच. म्हणून टोकाला मूठभर.”

अण्णा कप्प्यांवरून नजर फिरवत राहिले. कोंबाला मन नाही, बोलणं नाही, एकाची दुसऱ्याला खबर नाही, आणि सगळे मिळून रोज तीच टेकडी रचतात. तोन आत आला तेव्हा म्हातारा दाराशी नुसत्या मोज्यांवर उभा होता आणि बूट बाहेर ओळीत काढून ठेवलेले होते.

“काही बिघडलं का?” तोननं विचारलं.

“नाही,” विशाखा म्हणाली. “आमच्याकडे देवळात असं शिरतात.”

तोननं शेडकडे नव्यानं एकदा बघून घेतलं.

तोंडी परीक्षा नेमकी सिंट यानच्या दिवशी, चोवीस जूनला आली. त्या दिवशी इथले शेतकरी पटाशी खाली ठेवतात. कोंब येत असले तरी त्यानंतर काढायचे नाहीत, ही रीत. सकाळी विशाखानं अर्धी रांग उरकली, हात धुतले आणि लॅपटॉपसमोर बसली. खोलीत दुसरं कुणी नको, हा नियम. अण्णा चैत्रालीला घेऊन बाहेर, बंद दाराशी खुर्ची टाकून बसले. यात गेलं तर कॉलेज गेलं, हे त्यांना माहीत होतं.

आतून बाईंचा आवाज आला. मग विशाखाचा. आणि अण्णांनी ओळखलं, तो जुना सूर होता. झरझर, एका दमात, घडाघडा. पाठ सुरू झालं होतं.

मग तो सूर मधेच तुटला.

शांतता. अण्णांना वाटलं नेट गेलं. चैत्राली दाराला कान लावायला निघाली, तिला त्यांनी हाताला धरून बसवलं. आणि मग आवाज पुन्हा आला, सावकाश, अडखळत, थांबत थांबत. त्या इंग्रजीत अण्णांना एकच शब्द ओळखू आला. फोली.

त्यांनी डोळे मिटले. आता ती म्हणत नव्हती, सांगत होती. बाईंनी काहीतरी विचारलं, विशाखानं उत्तर दिलं, आणि मग विशाखानंच काहीतरी उलटून विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. पुढे किती वेळ गेला ते अण्णांना कळलं नाही.

दार उघडलं. विशाखा सरळ ओट्याशी गेली, तांब्याभर पाणी प्यायली.

“सुटलं, अण्णा,” ती म्हणाली. “एम-टू सुटला.”

चैत्राली आईच्या कमरेला बिलगली. वर जयेशच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. अण्णा खुर्चीतून उठले. तोंड पुसून ते म्हणाले, “काय काय इचारलं त्यांनी?”

“चला, रांग उरलीय. सांगते.”

चालता चालता ती सांगत राहिली. बाईंनी शेवटी विचारलं होतं की नुसता वेग माहीत असेल तर एकूण किती साठलं ते कसं कळणार? “मी त्यांना आजचा दिवस सांगितला. तोन आजपासून कोंबांना सोडून देणार. ते वर जातील, त्यांची झुडपं होतील, उन्हातलं थोडं थोडं मुळात साठवतील. कधी जास्त, कधी कमी. त्या सगळ्या थोड्याथोड्याची बेरीज म्हणजे पुढच्या वर्षीचं पीक. तेच इंटिग्रल. तुकडे इतके बारीक करायचे, इतके बारीक, की शेवटी तुकडा उरतच नाही.”

अण्णा थांबले. “तुकडा उरत न्हाई?”

“नाही.”

“आन् बेरीज उरती?”

“बेरीज उरते.”

अण्णा तिथंच उभे राहिले. विशाखा पुढे गेली, मफलर आवळला आणि शेवटच्या रांगेत वाकली. रानावर वारा सुटला होता. तुकडा उरत नाही आणि बेरीज उरते. त्यांना मेलेली बायको आठवली, तिचे रानातले सगळे दिवस आठवले; एकही दिवस हातात उरला नव्हता.

खिशातला फोन वाजला. मनोहरदादा.

“आल्याची उगवण झाली रं,” दादा म्हणाले. “आन् तू कुठं उभा हाईस? मागं पांढरं काय दिसतंय?”

अण्णांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. त्यांनी फोन फिरवून रानाकडे धरला.

“ही कोण वाकलीया?”

“आपली विशाखा.”

दादांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग, “दुसऱ्याच्या रानात?”

“व्हय दादा. एप्रिलपासनं येती. म्या रोज हितं बसून बगतो.” अण्णांनी फोन आपल्याकडे वळवला. “आन् आज तिचं इंजनेरीचं गणित सुटलं. तोंडी परीक्षा हुती. काय सांगितलंय तिनं, दादा! तुकडा उरत न्हाई आन् बेरीज उरती!”

दादांना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ते अण्णांचेच भाऊ.

“ते र्‍हाऊ दे,” ते म्हणाले. “मार्क किती पडले?”

अण्णांनी रांगेत वाकलेल्या सुनेकडे बघितलं, मग फोनकडे.

“आरं,” ते म्हणाले, “ते इचारायचं ध्यानातच न्हाई आलं.”